पडद्यावरची मेबल

आज दुपारी अमेरिकन विनोदी अभिनेत्री मेबल नॉर्मंडचा 1914 चा एक मूकपट पाहिला. हॉटेलच्या खोलीबाहेर रात्रीच्या कपड्यांत अडकलेली मेबल पलंगाखाली लपते, आणि तिचे डोळेच सगळं बोलतात! एकही शब्द नाही, तरी मी खळखळून हसले.

चॅप्लिनने तो ढगळ पँट-काठीचा वेश कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा चढवला तो याच चित्रपटासाठी. दिग्दर्शन? मेबलचंच. बायकांना अमेरिकेत देशभर मताचा हक्क मिळाला तो 1920 मध्ये, म्हणजे हे दिग्दर्शन त्याच्याही सहा वर्षं आधी!

1918 च्या 'मिकी' या चित्रपटाने तर तिला घराघरांत नेलं. पुढे क्षयाने गाठलं. 1930 मध्ये गेली, चाळिशीही न गाठता.

चॅप्लिन मला लहानपणापासून माहीत. मेबल आज भेटली. फार उशीर झाला गं.