प्रवेश परीक्षेत गुण कमी पडले, तरी मानसशास्त्रात एम.ए.: माझा अनुभव

सीयूईटी-पीजी, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेशाची सामाईक परीक्षा, तिच्या मानसशास्त्राच्या पेपरला ३०० पैकी शंभर-सव्वाशे गुण पडले, की घरचे आणि कॉलेजचे सर एकच सांगतात: यंदा राहू दे, बी.एड.चं बघ. हा सल्ला घाईचा आहे. माझा अनुभव असा, की आमच्या यवतमाळकडच्या मुलामुलींचे प्रवेश कमी गुणांमुळे जातात त्याहून जास्त दाखल्यांमुळे आणि हुकलेल्या तारखांमुळे जातात. गुण आता बदलायचे नाहीत. बाकीचं बरंच काही आपल्या हातात आहे.

पहिली गोष्ट, एनटीए ही राष्ट्रीय परीक्षा संस्था फक्त परीक्षा घेते आणि गुण देते. प्रवेश प्रत्येक विद्यापीठ आपापल्या पोर्टलवर देतं. तिथं नोंदणी वेगळी, फी वेगळी, शेवटची तारीख वेगळी. सीयूईटीच्या फॉर्ममध्ये विद्यापीठाचं नाव निवडलं म्हणजे तिथं अर्ज झाला, असं समजून बसलेले विद्यार्थी दरवर्षी भेटतात, आणि कळेपर्यंत खिडकी बंद झालेली असते. निकालाच्या आधीपासूनच एका वहीत विद्यापीठ, जागा, नोंदणीची मुदत आणि फी लिहून ठेवा.

कटऑफ बघताना तीन गोष्टी जुळवा: आपला प्रवर्ग, तोच अभ्यासक्रम आणि शेवटची फेरी. पहिल्या फेरीचा आकडा बघून हातपाय गाळू नका. वरचे विद्यार्थी चार-चार ठिकाणी नाव लावतात, एक जागा घेतात आणि बाकीच्या सोडतात, त्यामुळे शेवटच्या फेऱ्यांत आकडा खाली येतो. पसंतीक्रम भरताना जे खरंच हवं आहे ते वर ठेवा. ‘मिळेल तेच आधी’ असं केलं तर वरचं मिळत असूनही खालचंच हाती येतं. दिल्ली विद्यापीठाच्या पद्धतीत जागा मिळाल्यावर मुदतीत स्वीकारावी लागते. नंतर वरच्या पसंतीसाठी थांबता येतं, पण काहीच न करता गप्प बसलं तर नकार धरला जातो आणि पुढच्या फेऱ्यांतूनही नाव जातं. म्हणून फेऱ्या चालू असताना रोज लॉगिन करून बघायचं. एसएमएसची वाट बघू नका.

आता दाखले. इथं मी जरा जास्त सांगणार, कारण गुण कमी असताना प्रवर्गाची जागा हाच मोठा आधार असतो. आपल्याकडे एसडीओच्या सहीचं जे नॉन-क्रीमीलेअर मिळतं, ते राज्याच्या नमुन्यातलं. केंद्रीय विद्यापीठाला केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला लागतो आणि बहुतेक ठिकाणी तो चालू आर्थिक वर्षातला, म्हणजे १ एप्रिलनंतर काढलेला असावा लागतो. राज्याच्या दाखल्यावर तीन वर्षांची वैधता छापलेली असली तरी तिथं ती उपयोगी पडत नाही. सेतूत अर्ज देताना ‘केंद्र शासनासाठी’ हे स्पष्ट सांगा आणि दाखला हातात आल्यावर त्यावरचा मजकूर तिथंच वाचा. ईडब्ल्यूएसचा (आर्थिक दुर्बल घटकाचा) दाखलाही तसाच, दरवर्षी नवा.

जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का, हे आधी तपासा. विमुक्त-भटक्यांना आणि एसबीसींना (विशेष मागास प्रवर्ग) केंद्रात वेगळा प्रवर्ग नाही. ज्यांची जात केंद्राच्या यादीत आहे त्यांनी ओबीसीतून अर्ज करायचा. बंजारा विद्यार्थ्यांची इथं नेहमी गल्लत होते: राज्यात ते विमुक्त जाती-अ, केंद्रात ओबीसी. शेतकरी घरांनी आणखी एक नियम लक्षात ठेवावा. केंद्राच्या क्रीमीलेअरची उत्पन्नमर्यादा ८ लाख आहे, पण तिच्यात शेतीचं उत्पन्न आणि पगार धरत नाहीत. जमीन किती आहे, याची चाचणी वेगळी असते. त्यामुळे आकडा बघून परस्पर ‘आपण बसत नाही’ असं ठरवू नका.

दाखला जूनमध्ये मागितला तर गर्दीत अडकतो. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात अर्ज टाका. नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच सगळीकडे ठेवा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला जोडीला ठेवावा.

पात्रतेत एक खाच आहे. आपल्या भागातल्या बी.ए.ला मानसशास्त्र बहुधा तीन विषयांपैकी एक असतं. काही विद्यापीठांना कोणतीही पदवी चालते, काहींना मानसशास्त्र मुख्य विषय लागतो, काही ठिकाणी विषयातल्या गुणांची वेगळी टक्केवारी मागतात. माहितीपुस्तिकेतला पात्रतेचा परिच्छेद शब्दन् शब्द वाचा. सहाही सत्रांच्या गुणपत्रिकांतून फक्त मानसशास्त्राचे गुण वेगळे मांडून टक्केवारी काढून ठेवा. प्रात्यक्षिकाच्या जर्नलची शेवटची पानं, प्रमाणपत्रासकट, स्कॅन करा; मुलाखतीत ती मागितली जाऊ शकतात.

केंद्रीय विद्यापीठांच्या नादात घरची विद्यापीठं सोडू नका. वर्धा, भंडारा, गोंदिया, नागपूर हे जिल्हे नागपूर विद्यापीठात. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम अमरावतीत. चंद्रपूर आणि गडचिरोली २०११ साली झालेल्या गोंडवानात. तिथल्या संलग्न कॉलेजांत एम.ए.चे प्रवेश मुख्यतः पदवीच्या गुणांवर होतात. सीयूईटीचा आकडा तिथं आड येत नाही. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात मानसशास्त्र हिंदी माध्यमातून शिकता येतं. कॉलेज निवडताना इमारत बघू नका. प्रयोगशाळेत चाचण्यांचे संच आहेत का, कायम प्राध्यापक किती, प्रात्यक्षिकं खरंच होतात का, हे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारा. राहण्याच्या खर्चासाठी एससींना स्वाधार, एसटींना स्वयम आणि ओबीसींना सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. वसतिगृहाचा अर्ज आधी करावा, कारण या योजना मुळात वसतिगृह न मिळालेल्यांसाठी आहेत.

जिथं मुलाखत असते तिथं कमी गुणांची भरपाई करायला वाव असतो. टाटा समाजविज्ञान संस्थेनं २०२४पासून सीयूईटी-पीजीचे गुण घ्यायला सुरुवात केली, पण पुढे मुलाखतही ठेवली. ‘मला लोकांना मदत करायची आहे’ हे वाक्य प्रत्येक जण म्हणतो. त्याऐवजी आपल्या भागातलं नेमकं बोला. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी प्रेरणा प्रकल्पात आशाताई घरोघरी काय विचारतात, नापिकीनंतर घरात कोण बोलेनासं होतं, गावातला माणूस ‘डोकं दुखते, झोप येत नाही’ म्हणून आधी कोणाकडे जातो, हे आपल्याला माहीत असतं. त्याला वाचनाची जोड द्या. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत झालेल्या ‘विश्राम’ प्रकल्पाचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिल्यावर नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. असा एक अभ्यास नीट वाचून त्याच्या मर्यादाही सांगता आल्या, तर समोरचा मन लावून ऐकतो. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आणि २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदाही माहीत असू द्या.

दूरशिक्षणाचा जुना रस्ता मात्र आता नाही. इग्नूतून घरी राहून एम.ए. करा, असं अजूनही सांगितलं जातं. पण २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे नवे प्रवेश दूरस्थ आणि ऑनलाईन पद्धतीनं देऊ नयेत, असं यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) ठरवलं आहे. कुणी तसं सांगून पैसे मागत असेल तर देऊ नका. वर्षभराच्या समुपदेशन पदविकेनंही चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) होता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेनं मान्य केलेलं प्रशिक्षण आणि तिथली नोंदणी लागते. म्हणून एम.ए. कुठलंही असो, टक्केवारी ५५च्या वर ठेवा. पुढच्या दारांवर हाच आकडा बहुतेकदा विचारला जातो.

पुन्हा परीक्षा द्यायची असेल तर वयाची किंवा प्रयत्नांची अट नाही, पण जुने गुण पुढच्या वर्षी चालत नाहीत. २०२५ला ९० मिनिटांत ७५ प्रश्न होते, बरोबर उत्तराला ४, चुकीच्याला उणे १. दोन पर्याय नक्की चुकीचे वाटत असतील तर प्रश्न सोडू नका, हिशेब आपल्या बाजूचा असतो. पेपर इंग्रजी आणि हिंदीत येतो, मराठीत नाही. ‘कंडिशनिंग’ला आपण ‘अभिसंधान’ शिकलेलो, हिंदी पेपरात ‘अनुबंधन’ दिसतं, आणि उत्तर येत असलेला प्रश्नही हातचा जातो. प्रत्येक प्रकरणाच्या संज्ञा मराठी आणि इंग्रजीत शेजारीशेजारी लिहून पाठ करा. संख्याशास्त्र आणि संशोधन पद्धती आधी पक्क्या करा. त्या मोजक्या सूत्रांवर आणि व्याख्यांवर उभ्या असतात, भाषेचा अडथळा तिथं सर्वांत कमी.

प्रवेश बाहेरच्या विद्यापीठात ठरला की त्याच आठवड्यात कॉलेजातून टीसी आणि विद्यापीठातून स्थलांतर प्रमाणपत्र मागा. शेवटच्या सत्राचा निकाल लांबला असेल तर प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचं ‘निकाल प्रलंबित’ पत्र घ्या, हमीपत्रावर तात्पुरता प्रवेश मिळतो का ते विचारा, आणि गुणपत्रिका जमा करायची मुदत त्यांच्याकडून लेखी घ्या.