गाण्यांचा आवाज एका पातळीत

सोलापुरात आमच्या कारखान्यात मागांच्या खडखडाटातही पेनड्राइव्हवरची गाणी चालू असतात. जुन्या कॅसेटवरून उतरवलेला अभंग ऐकूच येत नाही आणि पुढचं नवं गाणं कानठळ्या बसवतं. तुटलेला धागा जोडता जोडता बटण कोण फिरवणार?

यावर एमपीथ्री गाण्यांचा आवाज एका पातळीत आणणारं एमपीथ्रीगेन हे फुकट सॉफ्टवेअर मला मनापासून आवडतं. हे सॉफ्टवेअर गाणं पुन्हा एन्कोड करत नाही, म्हणजे फाइल नव्याने दाबून लहान करत नाही. फाइलच्या प्रत्येक फ्रेममधला (छोट्या तुकड्यातला) गेनचा, म्हणजे आवाज किती मोठा वाजवायचा त्याचा, आकडा तेवढा बदलतं, तोही १.५ डेसिबलच्या पायरीने. त्यामुळे दर्जा जात नाही. सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून ठरवलेली पातळी ८९ डेसिबल असते, तीच ठेवा. फार चढवलं की आवाज फाटतो, त्यापेक्षा अॅम्प्लिफायर वाढवा. भजनाचा अख्खा संच असेल तर मात्र ‘अल्बम गेन’च वापरा; त्यात सगळ्या गाण्यांचा आवाज सारखाच वाढतो किंवा कमी होतो आणि त्यांच्यातला फरक टिकतो, नाहीतर हळुवार आळवलेला अभंग गजराइतकाच मोठा होतो.