तुम्ही विचारलंत म्हणून: गॅलरीतल्या चर्चांना मी का जाते

"बाई, एसी गॅलरीत बसून चित्रकार गिरणी कामगारांवर, दंगलींवर, फाळणीवर बोलतात. त्यानं कुणाच्या पोटात घास जातो का?" चित्रकलेच्या शिक्षिकेला हा प्रश्न चुकत नाही. सहकारी विचारतात, जुने विद्यार्थी विचारतात, माझ्या सख्ख्या भावानंही विचारलाय. घास जात नाही. तरी गेली पंचवीस वर्षं मी मुंबईत गॅलऱ्यांच्या काळा घोडा भागात फेऱ्या मारते आहे.

सुरुवात एका ट्रंकेपासून झाली. 1998 साली पोखरणला अणुचाचण्या झाल्या. त्यानंतर चित्रकार नलिनी मलानी यांनी उर्दू लेखक मंटोच्या फाळणीवरच्या 'टोबा टेक सिंग' कथेवरून एक मांडणशिल्प केलं आणि ते 1999 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये लागलं. पत्र्याच्या ट्रंका उघड्या ठेवलेल्या आणि त्यांत टीव्हीचे पडदे, त्यांवर विस्थापितांची चित्रं. मलानी यांचा जन्म 1946 चा, कराचीचा. फाळणीत त्यांचं कुटुंब इकडं आलं. हे सगळं मला नंतर कळलं. तिथं उभं असताना मला फक्त आमची ट्रंक आठवली. बाबांच्या खाटेखाली असायची. झाकणावर पांढऱ्या रंगात नाव, मु. पो., ता. मालवण, जि. रत्नागिरी. 1981 मध्ये आमचं गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यात गेलं, ट्रंकेवर रत्नागिरीच राहिलं. पुढच्याच वर्षी, 18 जानेवारीला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत बाबा होते. ते परत गिरणीत गेले नाहीत. आणि इतकी वर्षं मी त्या ट्रंकेला फक्त अडगळ समजत होते.

आता चर्चांबद्दल. बऱ्याच चर्चा मला आवडत नाहीत, हे आधी सांगते. बोलणं इंग्रजीत, त्यात शब्द असे की वाक्य संपेपर्यंत चित्र डोळ्यांपुढून निघून जातं. लालबाग-परळवरच्या चित्राबद्दल बोलताना लालबाग-परळच्या माणसाला कळणार नाही असं बोलायचं, याचा मला राग येतो. म्हणून मी प्रश्न मराठीतच विचारते. एकदा विचारला की मागच्या रांगेतून आणखी दोन हात वर येतात. हे दर वेळी होतं.

दहाएक वर्षांपूर्वी अशाच एका चर्चेला मी बाबांना घेऊन गेले होते. एका तरुण चित्रकारानं गिरणीच्या साचेखात्याचं, म्हणजे जिथं साच्यांवर (मागांवर) कापड विणतात त्या खात्याचं, मोठं चित्र केलं होतं. मंचावर तिघं-चौघं बोलत होते, विषय श्रम आणि शहर. प्रश्नांची वेळ आली तशी बाबा उठले. म्हणाले, "साचा चालू दाखवलाय, मग धोटा कुठाय?"

चित्रकारानं प्रामाणिकपणे सांगितलं, की त्यानं बंद पडलेल्या गिरणीचे फोटो बघून काम केलं होतं. मग बाबांनी उभ्या उभ्या हातवारे करून धोटा समजावला, म्हणजे साच्यावर आडवं सूत इकडून तिकडं नेणारं लाकडी साधन. त्यातली सुताची कांडी संपली की नवी बसवायची, सुताचं टोक धोट्याच्या भोकाशी न्यायचं आणि ओठ लावून श्वासानं आत ओढायचं. सुताबरोबर कापसाची धूळ छातीत. एकाचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडी. "आणि म्हणून," बाबा म्हणाले, "माझ्या वडलांच्या वेळी दलित माणसाला साचेखात्यात घेत नसत. पगार तिथंच जास्त होता." क्षणभर थांबून म्हणाले, "आमचीच माणसं घेऊ देत नव्हती."

बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 च्या संपात हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढं ठेवला होता. मी तो पुस्तकात वाचला होता. बाबांच्या तोंडून त्या दिवसापर्यंत ऐकला नव्हता. घरात असं बोलणं निघतच नाही. निघालं ते एका चित्रात एक वस्तू राहून गेली म्हणून, आणि चित्रासमोर चार खुर्च्या मांडून कुणीतरी 'विचारा' म्हटलं म्हणून.

मला वाटतं, राजकीय चित्र म्हणजे लाल झेंडा किंवा आवळलेली मूठ असं आपण फार सहज धरून चालतो. त्या चित्रात मूठ होती. गिरणीतली जात मात्र त्या हातभर लांब लाकडी धोट्यात होती, आणि तोच चित्रात नव्हता.

चित्रकार पुढं दोनदा आमच्या डोंबिवलीच्या घरी आला. बाबांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला त्याला धोटा काढून दाखवला, भोक कुठं, कांडी कशी बसते ते सगळं. वर्षभरानं त्यानं नवीन चित्र बघायला बोलावलं. नुसता एक चेहरा आणि ओठांशी धरलेला धोटा. बाबा चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गाल थोडे आत घे रे. श्वास ओढताना गाल आत जातात."