दाजींसोबत कॅलिफोर्नियात डिस्क गोल्फ खेळत फिरलो, त्याचा अनुभव

कोल्हापुरात फुटबॉलबद्दल कुणाला सांगावं लागत नाही, पण डिस्क गोल्फ म्हणलं की पहिल्यापासून सांगावं लागतं. गोल्फच, फक्त काठी-चेंडूच्या जागी हातानं फेकायची डिस्क आणि खड्ड्याच्या जागी साखळ्या लटकवलेली लोखंडी बास्केट. टी-पॅड म्हणजे सुरुवातीच्या ओट्यावरून फेकायची, जिथं पडेल तिथनं पुढची फेक, कमीत कमी फेकीत बास्केटमध्ये घालायची. टी-पॅडपासून बास्केटपर्यंतचा एक टप्पा म्हणजे एक होल, बऱ्याच ठिकाणी 18 असतात, काही ठिकाणी कमी-जास्त, आणि बरीच मैदानं सार्वजनिक बागेत, फुकट.

ताई आणि दाजी सॅन होजेला असतात. मी गेलो तेव्हा दाजी म्हणाले, एकाच मैदानावर खेळून हा खेळ कळायचा नाही, चल फिरू. यूडिस्क नावाच्या ॲपवर मैदानं, नकाशे, होलची लांबी सगळं दिसतं, त्यावरनं रूट ठरवला, ताईनं चपात्या आणि खर्डा बांधून दिला आणि निघालो.

पहिलं सांताक्रूझचं डी लावेगा, घाट उतरला की आलंच. सगळी झाडी आणि चढउतार, शिवाय तिथं पॉयझन ओक नावाची वेल-झुडपं आहेत, अंगाला लागली तर कित्येक दिवस खाज जात नाही, त्यामुळं डिस्क झाडीत गेली की दाजी आधी पानं बघायचे मग हात घालायचे. 27 नंबरच्या होलला टॉप ऑफ द वर्ल्ड म्हणतात. डोंगराच्या टोकावर उभं राहायचं, समोर लांब समुद्र, आणि बास्केट पार खाली पाचशे फुटांच्या पुढं. उजव्या हातानं साधी बॅकहँड, म्हणजे हात अंगासमोरनं आडवा नेऊन, फेकलेली डिस्क वेग कमी झाला की डावीकडं वळते, हे मला सपाटीवर पाठ झालेलं, पण उतारावर ती इतका वेळ हवेत राहते की ते वळण लांबतच जातं, म्हणून नेम बास्केटच्या बराच उजवीकडं धरावा लागतो, त्यात समोरून वारा आला की तीच डिस्क आधी उजवीकडं पळते. मला तर वाटतं लांबवर जायचं ते ह्यासाठीच, डिस्क तीच, हात तोच, पण जमीन बदलली की सगळं नव्यानं शिकायला लागतं. स्कोअर नंतर.

मग लॉस एंजेलिस, साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. आय-फाईव्ह हायवे सरळ आणि कंटाळवाणा, दोन्ही बाजूला बदामाच्या बागा, त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही.

पण पॅसाडेनाच्या शेजारचं ओक ग्रोव्ह! जगातलं पहिलं कायमचं डिस्क गोल्फ मैदान, 1975 चं, एड हेड्रिक यांनी उभारलेलं. साखळ्यांची बास्केट पण त्यांचीच कल्पना, सुरुवातीला तिथं नुसते खांब होते. 2002 मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणं त्यांची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवल्या. माणसाचं खेळावर एवढं प्रेम असू शकतं, हे ऐकून मी गप्पच झालो. मैदानाला लागूनच नासाची जेपीएल ही प्रयोगशाळा, तिथं बनलेली यानं मंगळावर जातात आणि अलीकडं ओकच्या झाडांच्या फांद्यांखालनं आमच्या डिस्क. फांद्या खाली आलेल्या, त्यामुळं उंच फेक चालत नाही, पुढचं टोक दाबून चपटी, सरळ मारावी लागते. डी लावेगाच्या बरोबर उलटं.

शेवटी सॅन दिएगोचं मोर्ले फील्ड, बाल्बोआ पार्कमध्ये. इथं पैसे भरावे लागतात आणि गर्दी लई. होल छोटी आहेत पण छोटी म्हणजे सोपी असं समजू नका, सगळा खेळ पटिंगवर, म्हणजे जवळनं बास्केटमध्ये घालण्यावर येतो, ड्रायव्हर म्हणजे लांब फेकायची डिस्क बॅगेतनं काढायचं कारणच पडत नाही.

परत येताना मी बास्केटची मापं टेपनं घेऊन आलो आणि उद्यमनगरातल्या एका वेल्डरकडनं तशीच बनवून घेतली. साखळ्यांचं काम किचकट, आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन रांगा लागतात, नाहीतर डिस्क मधनंच आरपार जाते, पण त्यांनी मनापासून केलं. आता जोतिबाच्या डोंगराखाली ओळखीच्यांच्या माळावर ती उभी केली आहे, वारा तिथं भरपूर. रविवारी सकाळी आम्ही तिथंच असतो, कोल्हापूरकरांपैकी कुणाला हात चालवून बघायचा असेल तर या, डिस्क माझ्याकडं आहेत, पटर पण आणि ड्रायव्हर पण.