जहाज बघायच्या आधी एक शिवण घाला

मुलांना अजिंठ्यातलं जुन्या जहाजाचं चित्र दाखवायचं, तर आधी घरी दोन फळ्या शिवून घ्या. आयएनएसव्ही कौंडिण्य हे भारतीय नौदलाचं शिडाचं जहाज असंच शिवलेलं आहे: लांबी सुमारे २० मीटर, रुंदी साडेसहा, इंजिन नाही, फळ्या काथ्याने बांधलेल्या. २१ मे २०२५ ला ते कारवारला नौदलात दाखल झालं आणि २९ डिसेंबरला पोरबंदरहून मस्कतला निघालं. त्याचा मूळ नमुना, अजिंठ्यातलं पाचव्या शतकातलं चित्र, नाशिकहून एका दिवसात बघून येता येतं.

शिवणीसाठी पॅकिंगच्या पाइनच्या, अर्धा सेंटिमीटर जाड, फूटभर लांब दोन पट्ट्या पुरतात. प्लायवूड नको, त्याचे पदर सुटतात. कडेपासून १ सेंटिमीटर आत, दर ३ सेंटिमीटरवर समोरासमोर भोकं पाडा. भोक कडेला गेलं की दोरी ताणताना लाकूड रेषेत चिरतं. सांध्यावर काथ्याची वात ठेवा आणि तिच्यावरून बारीक दोरी फुलीसारखी ओवा. एकाने आतून, दुसऱ्याने बाहेरून ओढायचं; एकट्याने ओढलेली शिवण ढिली राहते. मग पट्टी पाण्यावर धरा. पाणी सांध्याइतकंच भोकांतून येतं! म्हणून प्रत्येक भोकात काथ्या ठासून वर मेण भरायचं. जहाजाला हेच काम राळ आणि तेल करतं. एवढा खटाटोप का, तर लाटेच्या तडाख्याला शिवण थोडी लवते, आणि खाऱ्या पाण्यात लोखंड गंजतं तसा काथ्या गंजत नाही.

आता अजिंठा. सोमवारी लेणी बंद. नाशिकरोडहून जळगाव रेल्वेने साधारण तीन तास, पुढे रस्त्याने ६० किलोमीटर. गाडी फर्दापूरच्या फाट्यावर ठेवून एसटीच्या बसने वर जायचं. जहाजाचं चित्र लेणं क्रमांक २ मध्ये आहे. रंगवलेल्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही, चपला बाहेर. आत गेल्यावर दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहा, डोळे अंधाराला सरावले की रंग दिसू लागतात. छोटी दुर्बीण असेल तर उत्तम. मुलांना आधी तीन डोलकाठ्या आणि त्यांवरची उंच, अरुंद शिडं शोधू द्या, मग नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, रंगवलेला डोळा, मागे ओळीने मांडलेले रांजण, आणि शेवटी बाजूला लटकणारी सुकाणूची वल्ही.