पितळी अ‍ॅस्ट्रोलेब, नोंद ३ : पहिल्यांदा सूर्य मोजला

अ‍ॅस्ट्रोलेबची, म्हणजे सूर्याची क्षितिजापासूनची उंची अंशांत मोजायच्या खलाशांच्या जुन्या उपकरणाची, चकती एकदाची पूर्ण झाली. व्यास १७५ मिलिमीटर ठेवलाय. ओमानजवळ १५०३ मध्ये बुडालेल्या, वास्को द गामाचा मामा विसेंते सोद्रे याच्या ‘एस्मेराल्दा’ जहाजाचे मानले जाणारे अवशेष मिळाले, त्यांतल्या अ‍ॅस्ट्रोलेबइतकाच. त्या चकतीवर लेसर स्कॅनमध्ये दर पाच अंशांनी खुणा दिसल्या. मी प्रत्येक अंशाची रेघ मारली आणि त्यात तीन रविवार गेले. कडेला एक अंश म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर; रेघ जरा जाड झाली की अंशाचा चतुर्थांश गेलाच.

२५ ऑक्टोबरला रत्नागिरीच्या किनाऱ्यावर गेलो. सूर्याकडे बघायचं नसतं, हे नव्यांसाठी पुन्हा सांगतो. कडीत बोट घालून चकती लोंबती धरायची आणि चकतीवरच्या फिरत्या पट्टीच्या वरच्या भोकातून आलेला उजेडाचा ठिपका तिच्या खालच्या भोकावर पडेपर्यंत पट्टी फिरवायची. सूर्य १२ वाजून २१ मिनिटांच्या सुमारास सर्वांत उंच येणार होता. चार रीडिंग घेतली : ६१, ६३, ६२, ६२. सरासरी ६२ अंश. नव्वदातून वजा केले, २८ उरले, म्हणजे सूर्य थेट डोक्यावरच्या बिंदूपासून इतका दक्षिणेला. त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे १२ अंश, तेही वजा. अक्षांश आला १६. खरा आहे १७. म्हणजे उभा रत्नागिरीत आणि हिशोबाने मालवणच्या आसपास, शंभर किलोमीटरहून जास्त फरक!

हे १२ अंश मला मोबाईलवर मिळाले. पोर्तुगीजांकडे त्यासाठी खगोलशास्त्रज्ञ अब्राहम झाकुतोची कोष्टकं होती, १४९६ मध्ये पोर्तुगालमधल्या लैरियात छापलेली. विषुववृत्त ओलांडलं की ध्रुवतारा बुडतो, मग सूर्य आणि ही कोष्टकं एवढाच आधार.

चूक कुठे झाली ते हातालाच कळलं. माझी चकती भरीव आणि पातळ. खारा वारा तिला पानासारखी हलवत होता. मी तर वाळूवर उभा होतो, डेकवर काय होत असेल! गामाने नोव्हेंबर १४९७ मध्ये, तीन महिने जमीन न दिसता काढल्यावर, आजच्या दक्षिण आफ्रिकेतल्या सेंट हेलेनाच्या उपसागरात किनाऱ्यावर उतरून तिकाटण्यावर टांगलेल्या मोठ्या लाकडी अ‍ॅस्ट्रोलेबने सूर्य का मोजला, ते आता पटतंय.

पुढच्या चकतीसाठी ६ मिलिमीटरचा पितळी पत्रा आणलाय. नंतरच्या काळातल्या अ‍ॅस्ट्रोलेबसारखं मधलं पितळ कापून वाऱ्याला वाट देणार, खालचा भाग जड ठेवणार. कापायच्या रेषा आखून झाल्यात.