रानड्यांच्या पाच संध्याकाळी

जूनचा पहिला आठवडा आला की सांगलीत घरोघरी दोन कामं निघायची. मुलांच्या वह्यांना कव्हरं घालायची आणि लोणच्याच्या कैऱ्या फोडून आणायच्या. आमच्याकडे तिसरंही एक काम असे, ते म्हणजे अभ्यासमंडळाच्या सतरंज्या माळ्यावरून काढून उन्हात टाकणं. वडील मंडळाचे खजिनदार. त्यामुळे सतरंज्या, पावतीपुस्तकं आणि वीज गेली तर लागणाऱ्या दोन पेट्रोमॅक्स बत्त्या, असा सगळा संसार आमच्याच माळ्यावर.

रानड्यांवरच्या व्याख्यानांचा मंडळाचा कार्यक्रम 2 ते 6 जून असा ठरलेला. तत्त्वज्ञ आणि साधक प्रा. रामचंद्र दत्तात्रेय रानडे यांनी निंबाळच्या आश्रमात 6 जून 1957 रोजी देह ठेवला, म्हणून सांगता त्या दिवशी. खरं तर निंबाळ, इंचगेरी, उमदी ही त्यांच्या गुरुपरंपरेतल्या गावांची नावं आमच्या भागातल्या साधकांच्या रोजच्या बोलण्यातली. नेमाला म्हणजे रोजच्या नामस्मरणाला बसणारी, तिन्हीत्रिकाळ दासबोध वाचणारी मंडळी निंबाळला सप्ताहाला जायचीच. आमचं मंडळ मात्र त्यातलं नव्हे. ते काढलं होतं हायस्कूलच्या चार-पाच मास्तरांनी आणि कॉलेजच्या एका प्राध्यापकांनी. रानड्यांची पुस्तकं नुसती कपाटात पुजून ठेवायची नाहीत, वाचायची आणि पटलं नाही तर भांडायचं, एवढीच मंडळाची घटना. तरी श्रोत्यांत निम्मे साधक असायचे. ते ‘गुरुदेव’ म्हणत, मास्तर मंडळी ‘रानडे’ म्हणत. निमंत्रणपत्रिकेवर काय छापायचं यावर दर मे महिन्यात आमच्या ओसरीवर चहाची तीन-तीन आधणं व्हायची. शेवटी ‘प्रा. गुरुदेव रानडे’ असं काहीतरी छापून यायचं आणि दोन्ही बाजू सारख्याच नाराज व्हायच्या.

पाच संध्याकाळींचा हिशेब त्यांच्या महाराष्ट्रातल्या संतांवरच्या इंग्रजी ग्रंथावरून बसवलेला. 1933 साली आलेल्या त्या ग्रंथात रानड्यांनी संतांच्या पाच पिढ्या पाच तऱ्हांनी मांडल्या आहेत. ज्ञानदेवांचा बौद्धिक साक्षात्कारवाद (देवाचा थेट अनुभव घेण्याची वाट), नामदेव आणि त्यांच्या सवंगड्यांचा लोकाभिमुख, एकनाथांचा समन्वयी, तुकोबांचा व्यक्तिनिष्ठ आणि रामदासांचा कृतिप्रवण. हा ग्रंथ म्हणजे बेलवलकर आणि रानडे या जोडीनं आखलेल्या भारतीय तत्त्वज्ञानाच्या प्रचंड इतिहासाचा सातवा खंड. दुसरा खंड 1927 मध्ये आला होता. योजनेतले बाकीचे खंड काही आले नाहीत. वडील म्हणायचे, ‘कमिटीनं आखलेलं काम एवढं झालं हेच पुष्कळ.’ मंडळाच्या कमिटीत वीस वर्षं काढलेल्या माणसाचं ते मत होतं.

पहिल्या दिवशी ज्ञानदेवांच्या आधी चरित्र व्हायचं. एक निवृत्त गणिताचे मास्तर ते सांगत, दरवर्षी तेच आणि त्याच क्रमानं. आम्हा पोरांना पाठ होतं. जमखिंडी, 3 जुलै 1886. पटवर्धनांचं संस्थान. 1901 मध्ये उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडून नाम, म्हणजे दीक्षा. पुढच्या वर्षी मॅट्रिक आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. इथे मास्तर चष्मा काढून पुढच्या रांगेतल्या मुलांकडे एकवार बघायचे. निकाल नुकतेच लागलेले असायचे, त्यामुळे त्या नजरेला आम्ही सगळेच घाबरून असू. मग पुण्याचं डेक्कन कॉलेज, मध्येच आलेलं जिवावरचं दुखणं, 1914 मध्ये तत्त्वज्ञानात एम. ए. आणि फर्ग्युसनची नोकरी. आमच्या सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजचं नाव आलं की मास्तरांचा आवाज चढायचा. रानडे इथंही शिकवून गेले, हे ऐकताना श्रोतेही उगाचच सरसावून बसत.

चरित्रातला मला आवडणारा भाग त्यानंतरचा. प्रकृतीपायी प्राध्यापकी सुटली. एखाद्यानं तेवढ्यावर निंबाळची वाट धरून पुस्तकांना रामराम ठोकला असता, तर कुणी बोललं नसतं. यांनी 1926 मध्ये उपनिषदांवरचा तो मोठा ग्रंथ बाहेर काढला. उपनिषदांतल्या कुठल्या वाक्यातून पुढे कुठलं दर्शन निघालं, हे त्यात एखाद्या वकिलासारखं पुरावे मांडत दाखवलंय. ग्रीक तत्त्वज्ञांवर निबंध लिहिलेला माणूस तो, नुसत्या श्रद्धेवर थोडाच थांबणार! पुढे तिथले कुलगुरू गंगानाथ झा यांनी अलाहाबाद विद्यापीठात बोलावून घेतलं. तिथे तत्त्वज्ञान विभागाचे प्रमुख झाले, काही काळ कुलगुरूपदही सांभाळलं आणि 1946 मध्ये निवृत्त झाले. इतकी वर्षं उत्तरेत राहूनही सुट्टी लागली की निंबाळ. गंगेकाठून निघायचं आणि सोलापूर ओलांडून विजापूरच्या वाटेवरच्या त्या माळरानी स्टेशनावर उतरायचं. मास्तर हे सांगायला लागले की साधक मंडळी हात जोडत आणि आम्ही मनात गाडीचे डबे मोजायचो.

अलाहाबादची कमाई म्हणजे हिंदी संत. कबीर, सूरदास, तुलसीदास, मीरा यांची पदं त्यांनी तिकडे गोळा केली आणि त्यांवरचं पुस्तक 1954 मध्ये आमच्या सांगलीतल्या अध्यात्म विद्या मंदिरानं काढलं. या एका गोष्टीचा मंडळाला केवढा अभिमान! पेठेतले एक काका तर पाहुण्यांना गणपतीचं देऊळ दाखवायच्या आधी हे सांगत.

पण व्याख्यानं ही झाली निमित्तं. गर्दी व्हायची ती शेवटच्या पाऊण तासासाठी. रानड्यांनी मराठीत संतांची ‘वचनामृतं’ केली आहेत. ज्ञानेश्वरी, गाथा, दासबोध यांतले वेचे निवडून एकेकाला विषयवार मथळा दिलेला. वाचायला सोपं वाटतं. पण हजारो अभंगांतून निवडायचं, प्रत्येक कशाबद्दल आहे ते एका ओळीत सांगायचं आणि साधकाच्या वाटेवर तो कुठे बसतो ते ठरवायचं, हे काम करून बघावं म्हणजे कळतं. मंडळानं नेमकं तेच करून बघितलं. पितळी डब्यात चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एक ओवी किंवा अभंग. ज्याच्या हाती चिठ्ठी येईल त्यानं उभं राहून मोठ्यानं वाचायची आणि मथळा द्यायचा. मग गणिताचे मास्तर वचनामृत उघडून रानड्यांचा मथळा वाचणार. जुळला तर मूठभर भडंग जास्त, नाही जुळला तर वाद.

त्या वादांत प्राध्यापक रानडे मला जेवढे भेटले तेवढे कुठल्याच तसबिरीत भेटले नाहीत. शेतकरी, पोस्टमन, हळदीच्या अडत्याकडचे दिवाणजी, सगळे तावातावानं विचारायचे, ‘हा अभंग विरहाचा कसा? हा तर भेटीनंतरचा दिसतोय.’ विद्यापीठातला वर्ग याहून काय वेगळा असणार?

तुकोबांच्या संध्याकाळची एक चिठ्ठी अजून डोळ्यांसमोर आहे. गल्लीत नुकत्याच लग्न होऊन आलेल्या एका सुनेला निघाली, ‘कन्या सासुर्‍यासि जाये, मागें परतोनी पाहे.’ तिनं अभंग वाचला आणि गप्पच राहिली. बायकांच्या बाजूला कुजबूज सुरू झाली. मास्तरांनी तिला सांभाळून घेत रानड्यांची मांडणी सांगितली. त्यांनी तुकोबांच्या प्रवासात आधी काळोखी रात्र दाखवली आहे. एका ख्रिस्ती संताकडून घेतलेली ती कल्पना, साक्षात्काराआधीची तळमळ, निराशा. मग उजाडतं ते आनंदाच्या डोहात. हा अभंग त्या रात्रीतला.

सून म्हणाली, ‘पण मास्तर, ती मागं बघत असली तरी पाय पुढंच चाललेत की. निराश माणूस चालत नाही, बसकण मारतो.’

मास्तर क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. मग पुस्तक मिटून म्हणाले, ‘बाई, तुम्ही पुढं येऊन बसा.’ पुढची कितीतरी वर्षं ती पुढच्या रांगेत बसली. आता चिठ्ठ्या तीच लिहिते.

बाकीच्या संध्याकाळी एवढ्या रंगायच्या नाहीत. एकनाथांना ‘समन्वयी’ म्हणून मोकळं होणं मला कधीच पटलं नाही. भारुडं कुठल्या मथळ्याखाली घालायची हा प्रश्न दरवर्षी निघायचा आणि पाऊस आला की तसाच राहायचा. नामदेवांच्या दिवशी जनाबाई, गोरोबा, सावता, चोखोबा सगळे आल्यामुळे भजनाला जोर चढे आणि व्याख्यात्याला कोणी विचारत नसे. एका वर्षी व्याख्याते स्वतःच टाळ घेऊन बसले, ते भाषण करायला उठलेच नाहीत. ते वर्ष सगळ्यांत चांगलं गेलं असं आईचं मत.

शेवटची संध्याकाळ रामदासांची. दासबोध म्हणजे साधकांचा हक्काचा ग्रंथ, त्यामुळे तोबा गर्दी. इकडे मृगाचे ढग जमलेले, वीज हमखास जायची, बत्ती पेटवायला वडील धावायचे आणि तेवढ्यात आभारप्रदर्शन सुरू व्हायचं. सतरंज्या, ध्वनिक्षेपक, बत्तीचं रॉकेल, सगळ्यांचे नावानिशी आभार. नंतर मसालेभात आणि शिऱ्याची पंगत. वाढपी आम्ही पोरं. साधकांच्या पंगतीत बोलणं कमी, मास्तरांच्या पंगतीत शिरा गार होईस्तोवर ‘कृतिप्रवण’वर चर्चा.

आता मंडळाकडे सतरंज्यांऐवजी खुर्च्या आहेत, त्याही भाड्याच्या. पुण्या-मुंबईला गेलेली मुलं त्या आठवड्यात रजा टाकून येतात, काही जण मोबाइलवरून ऐकतात. चरित्र आता एक कॉलेजची मुलगी सांगते. तिनं जमखिंडीचा क्रम मोडून थेट अलाहाबादपासून सुरुवात केली, तेव्हा दोन आजोबा उठून बाहेर गेले होते. चहा पिऊन परत आले म्हणा.

गेल्या वर्षी सभेत ठराव आला, तुकोबांना एक संध्याकाळ पुरत नाही, दोन द्याव्यात आणि त्यासाठी 1 जूनपासून सुरुवात करावी. सूचक अर्थातच ती सून. हात वर करून मतदान झालं, ठराव मंजूर झाला. रामदासवाल्यांनी त्यावर लेखी हरकत घेतली आहे. द्यायच्या तर रामदासांनाही दोन द्या, म्हणतात. खजिनदाराची वही सध्या माझ्याकडे आहे, आणि सात दिवसांच्या खुर्च्यांचं भाडं बघता मी दोघांनाही अजून उत्तर दिलेलं नाही.